रूट कॅनाल फसलं, आता पुढचा खर्च कोणी करायचा?

ठाण्यात माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, कॅप बसली, आणि चार महिन्यांत हिरडीवर पुटकुळी आली. दाबली की पू यायचा. दुसरीकडे एक्स-रे काढला, तर दाढेच्या मुळाच्या आत तुटलेल्या फाइलचा (दाताची नळी साफ करायच्या बारीक सुईसारख्या हत्याराचा) तुकडा, बारीक पांढऱ्या रेघेसारखा.

आधी कागद गोळा करा. केसपेपर, एक्स-रे, पावत्या लेखी मागा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मागितल्या, त्यामुळे तारखेसकट पुरावा राहिला. मग त्याच डॉक्टरांना विचारा: फुकट दुरुस्त करणार की पैसे परत देणार? फाइल तुटणं हा दर वेळी निष्काळजीपणा नसतो. पण तुटल्याचं मला सांगितलंच नाही, हे आजही खुपतं. थोडे पैसे देऊन ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं, तर पुढच्या उपचाराचा अंदाजित खर्च हातात आल्याशिवाय सही करू नका.

दुखत असेल तर वाद मिटायची वाट पाहू नका. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघरला डेंटल कॉलेजं आहेत, तिथे खर्च बराच कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होतात, रजा शिल्लक ठेवा. तिथल्या डॉक्टरांकडून आधीच्या कामाबद्दल लेखी मत घ्या, पुढे तेच कामाला येतं.

तरी दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार २ वर्षांच्या आत करायची. उपचाराला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.