गोड न सोडता दात कसे सांभाळायचे

"गोड बंद करा" असं सांगणाऱ्याने एकदा मे महिन्यात कोकणात राहून दाखवावं. आंबे, फणस, साठं, कोकम सरबत, पुढे गणपतीत मोदक, आणि म्हणे गोड बंद करा! किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता ते बघा. साखर मिळाली की तोंडातले जंतू तिचं ॲसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त ॲसिड) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजायला लागतं, मग लाळ ते सावरते पण तिला अर्धा तास, कधी तासभर लागतो, आणि तेवढ्यात तुमचा पुढचा चहा येतो.

म्हणून आधी एक दिवस पाण्याशिवाय काय काय तोंडात गेलं ते वेळेसकट लिहून काढा. पाहुण्यासोबत घेतलेला अर्धा कपसुद्धा.

मग गोड जेवणातच खायचं, तेव्हा लाळ भरपूर सुटते. चहा एकदोनदा गोड, बाकी बिनसाखरेचा. गुळाचा चहा दातांना चालतो हे खूळ डोक्यातून काढा, जंतूंना गूळ काय नि साखर काय.

आता आंबट. इथे सगळे गंडतात, मीही बरेच दिवस गंडलो, कारण आंबटाला कोणी नावं ठेवतच नाही. पण कैरी, करवंद, लिंबू यांच्यात ॲसिड मुळातच असतं, त्याला जंतूंची गरज नाही. तिखटमीठ लावलेल्या फोडींची वाटी घेऊन ओटीवर बसायचं आणि दात आंबेपर्यंत तासभर एकेक फोड चघळायची, हे सगळ्यात वाईट. खायची तर जेवताना खा आणि संपवा. कोकम सरबत तर आंबट अधिक साखर, म्हणजे दुहेरी मार, आणि लोक ते बाटलीत भरून दुपारभर घोट घोट पितात. एक ग्लास घ्या, एका बैठकीत प्या, वर साध्या पाण्याने चूळ भरा. सोलकढी बिनसाखरेची आणि भातासोबत, तिची चिंता नको. आमटीतल्या आमसुलाचीही नको.

आणि यानंतर लगेच ब्रश करायचा नाही! "खाल्लं की लगेच दात घास" हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, पण आंबटाने इनॅमल मऊ पडलेलं असतं आणि त्यावर ब्रश फिरवला की ते घासून जातं. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. लिंबू-मीठ घासून दात पांढरे करा म्हणणाऱ्याला तर घरात घेऊ नका.

साठं, फणसपोळी, जत्रेतलं खाजं दाढांत चिकटून बसतं, बिस्किटाचा लगदाही तसाच, फक्त त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. हे खाल्लं त्या रात्री दातांच्या फटींतून दोरा (फ्लॉस) फिरवाच.

झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री फ्लोराइडवाल्या पेस्टने ब्रश करा, फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका, नंतर फक्त पाणी. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिला दंतमंजन म्हणू नका.

दाढ आधीच ठणकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डेंटिस्टकडे जा, लवंगेने दुखणं थोडा वेळ दबतं पण किडीचा खड्डा तसाच राहतो.