मालवणात चार दिवस राहायचे तर

तीन दिवसांत सात किनारे, दोन किल्ले आणि स्कूबा डायव्हिंग असा बेत आखून येणाऱ्याला मालवण दिसते, पण मालवणी माणूस भेटत नाही. तो भेटावा असे वाटत असेल, तर तारकर्ली-देवबागच्या गर्दीबाहेरचे एकच गाव निवडून तेथे किमान चार रात्री राहावे. खोली ठरवताना घरचे लोक तेथेच राहतात का आणि जेवण त्यांच्याच चुलीवरचे असते का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरल्यावर खासगी गाडी न करता एसटी धरावी, आणि जमल्यास वस्तीची गाडी, म्हणजे संध्याकाळी गावात पोहोचून रात्री तेथेच मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी. 'कोणाकडे इलात?' असा प्रश्न शेजारून हमखास येतो. त्याला हॉटेलचे नाव नव्हे, घरमालकाचे नाव सांगावे. पुढचे बोलणे आपोआप सुरू होते.

पाहुण्याला पेज कशी द्यायची, या संकोचाने यजमान पोहे किंवा ऑम्लेट पुढे करतात. म्हणून उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, घावणे हे आदल्या संध्याकाळीच आपण होऊन मागावे. सोमवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी सुरमईचा हट्ट धरू नये.

मासेमारी पाहायची असेल, तर पावसाळा सरल्यावर यावे. रापण लागते तेव्हा होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांच्या दोरांनी ओढून घेतात, आणि हे काम घाईत उरकणारे नसते. दोराला हात लावायचा असेल, तर आधी विचारावे, नंतर शेवटपर्यंत ओढावे. फोटोपुरते दोन मिनिटे ओढणाऱ्याकडे रापणकर कोणत्या नजरेने पाहतात, ते सांगायला नको.

मात्र खरा योग साधावा तो जत्रेचा. कार्तिकापासून पुढे गावोगावी देवस्थानांच्या जत्रा सुरू होतात. आंगणेवाडीची जत्रा प्रसिद्ध आहे, तिचा दिवस पंचांगातून नव्हे तर देवीच्या कौलाने ठरतो. परंतु तेथील गर्दीत नवख्या माणसाच्या वाट्याला मुख्यतः रांगच येते, त्यामुळे लहान गावाची जत्रा निवडणे माझ्या मते बरे. तिची तारीख घरमालकाला विचारावी. संध्याकाळी घरच्या बायकांबरोबर देवळात जाऊन केळी-नारळ ठेवावेत. गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे सर्वांच्या वतीने मोठ्याने घातले जाणारे साकडे, चालू असताना मोबाईल खिशात ठेवावा आणि सर्वांबरोबर 'होय महाराजा' म्हणावे. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, दशावतारी नाटक उभे राहते. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद नट तेथेच रचतात, स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. मालवणी बोली सुरुवातीला कळली नाही तरी पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर प्रसंग उलगडत जातो, आणि न कळलेला विनोद शेजारचे आजोबा आनंदाने समजावून देतात. बसायला चटई आणि अंगावर घ्यायला चादर न्यावी. अर्ध्यातून उठू नये. नाटक पहाटेपर्यंत चालते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची बोट ठरवू नये.