साइड मिरर सुटलाय? आधी चिंधी शोधा

पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च हे कुणीही न सांगता गोळा करतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. साइड मिररच्या कामाला खरी लागते ती एक जुनी, मऊ, हातभर लांब चिंधी. बनियन फाडून घ्या, धुऊन धुऊन विरलेला पंचा असेल तर फारच छान. ती कुठे कोंबायची ते पुढे येईल, परत परत येईल, आणि तुम्हाला कंटाळा आला तरी मी सांगणार आहे.

बाजारात पळण्याआधी नक्की काय सैल झालंय ते बघा. 'मिरर हलतोय' म्हणून लोक दुकानात जातात आणि भलताच पार्ट घेऊन येतात. बाहेरचा प्लास्टिकचा डबा पंजात धरून हलवा. डबा घट्ट आहे आणि आतली काचच डुगडुगतेय, तर एक तर काचेमागची प्लेट क्लिपांतून सुटलीय, नाहीतर काच प्लेटवरून उचकटलीय. यात दार उघडायचं कामच नाही. डबा दुमडायच्या सांध्यात लटपटतोय पण त्याचं बूड दाराला पक्कं आहे, तर सांध्यातली स्प्रिंग किंवा तिची खाच गेलीय. ती स्प्रिंग जबरदस्त दाबून बसवलेली असते. घरच्या पक्कडीने ती सोडवायच्या फंदात पडू नका, अख्खा मिरर बदला. बूडच दारावर हलतंय, तर आतले नट किंवा स्क्रू ढिले झालेत. हे घरी करायजोगं काम, आणि चिंधीचं काम हेच. आणि दुचाकीवाल्याच्या हँडलने मिरर उडवून बुडाचे कान, म्हणजे स्क्रू जिथे शिरतात ती भोकं, तुटली असतील, तर एम-सील लावून 'होईल काहीतरी' असं म्हणू नका. त्या कानांवर वाऱ्याचा सगळा रेटा आणि रस्त्याचे सगळे हादरे येतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो मिरर आठवडाभर टिकेल, आणि एक्सप्रेसवेवर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या छातीवर जाऊन बसेल.

नवीन मिरर आणायचा ठरलं तर पुण्यात नाना पेठ आहेच, बाकी गावोगावी स्पेअरची दुकानं आहेत. काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, 'ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड?' याचं उत्तर सगळ्यांना येतं. पुढच्या प्रश्नांवर लोक अडखळतात. आतून दांडीने फिरणारा की मोटरवाला? दुमडायलाही मोटर आहे का? डब्यावर इंडिकेटर आहे का? एकाच मॉडेलच्या साध्या आणि टॉप व्हेरियंटचे मिरर बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात आणि आतल्या वायरिंगचा प्लग वेगळा निघतो. म्हणून आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि जमलं तर आतला प्लग उघडून त्याच्या पिनांचाही फोटो काढून न्या. व्हेरियंट पाठ असण्यापेक्षा प्लगचा फोटो जास्त कामाचा. डब्यावरचं रंगीत कव्हर बहुतेकदा वेगळं निघतं. जुनं शाबूत असेल तर नव्यावर चढवा, रंगकामाचे पैसे वाचतात.

फक्त काच फुटली असेल तर फक्त काच मागा. ती बहुतेक गाड्यांना मागच्या प्लेटसकट मिळते. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून साधा आरसा कापून चिकटवायचा विचार असेल तर सोडून द्या. साइड मिररची काच साधारणपणे बहिर्वक्र असते, फुगीर. त्यामुळे बाजूचा जास्त रस्ता दिसतो आणि मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान, म्हणून लांब वाटते. काचेच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात इशारा छापलेला असतो तो याचसाठी. इतकी वर्षं तुमची नजर त्या फुगीर काचेला सरावलीय. तिथे सपाट आरसा आला की शेजारच्या लेनमधली रिक्षा दिसेनाशी होते, आणि जे दिसतं त्याच्या अंतराचा अंदाजही चुकतो.

आता दाराच्या कामाकडे. आतल्या बाजूला, खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात एक तिकोनी प्लास्टिकचं झाकण असतं. ते बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसतं, काहींत एखादा लपलेला स्क्रू असतो. आधी बोटाने चाचपून बघा, मगच ओढा. दांडीवाला मिरर असेल तर दांडीवरची रबरी टोपी आधी काढावी लागते. उचकटायला प्लास्टिकचं पातं मिळतं. ते नसेल तर बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर घालणार असाल तर टोकाला टेप गुंडाळा, नाहीतर झाकणावर आयुष्यभराचा पांढरा ओरखडा राहतो. ऊन खाऊन खाऊन या क्लिपा कडक झालेल्या असतात, एखादी तुटतेच. दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा, किरकोळ किंमत आहे.

झाकण निघालं की तीन नट किंवा तीन स्क्रू दिसतील. बऱ्याच गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो, काहींना स्टार स्क्रू ड्रायव्हर. हात लगेच शिवशिवतील. थांबा. पान्याला हात लावायच्या आधी चिंधी. त्या तिकोनाखाली, पत्र्याच्या फटीपलीकडे, दार पोकळ आहे, थेट तळापर्यंत. काच वर-खाली करणारी यंत्रणा तिथेच, स्पीकर तिथेच, लॉकच्या तारा तिथेच. नट शेवटच्या आट्यावर आला की पान्यातून निसटतो, पत्र्यावर एकदा टण्ण वाजतो आणि गेला. माझा गेलाय. मग अख्खं दार-पॅड काढावं लागतं, त्यामागची पाणी अडवणारी प्लास्टिकची शीट सोलावी लागते, ती फाटली की पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट भिजतं, आणि हे सगळं एका दहा नंबरच्या नटासाठी. आत तसाच सोडून द्यावा म्हटलं तर प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो खडखडतो, आणि कधीतरी काचेच्या यंत्रणेत जाऊन अडकतो.

तर चिंधी. नटांच्या खालची प्रत्येक फट, बोट जाईल अशी आणि बोट न जाईल अशीही, चिंधीने गच्च बुजवायची. चिंधीचं एक टोक वीतभर बाहेर लोंबत ठेवायचं. हे टोक महत्त्वाचं, कारण आख्खी चिंधी आत गेली तर नटापेक्षा मोठी पंचाईत. सुटा टिश्यू पेपर कोंबू नका, त्याचे तुकडे होतात. खिडकीची काच पूर्ण वर ठेवा, म्हणजे काही पडलंच तर काचेवर ओरखडा नको. पान्याच्या सॉकेटमध्ये चिमूटभर ग्रीस लावा, नट त्याला धरून राहतो. टोकाला चुंबक असलेली लांब होणारी दांडी हार्डवेअरवाल्याकडे मिळते, तीही हाताशी असू द्या. पण ती दांडी घेतली म्हणून चिंधी नाही कोंबली, असं करू नका. चुंबक फक्त लोखंडाला धरतो, प्लास्टिकच्या वॉशरला नाही, आणि त्या अंधारात नट कुठल्या कोपऱ्यात गेलाय ते आधी दिसायला तर हवं.

'मी सोडवणार नाहीये, फक्त घट्ट करणार आहे' असं म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ढिला नट घट्ट करताना आधी उलट्या दिशेला फिरवला जातो, हात अवघडलेला असतो, आणि पाचव्या मिनिटाला तो नट निघतो. चिंधी आधी, काम नंतर.

मिरर मोटरवाला असेल तर किल्ली काढून ठेवा, चालू गाडीत प्लग ओढू नका. प्लगच्या कडेला छोटी जीभ असते, ती दाबून ओढायचा. वायर धरून ओढलीत तर पिन मागे सरकते आणि मग इलेक्ट्रिशियन शोधत बसा.

शेवटचा नट निघण्याआधी बाहेरून कुणीतरी मिरर धरलेला हवा. घरात कुणी नसेल तर सोसायटीतलं कुठलंही रिकामं पोर बोलवा. कुणीच नाही सापडलं तर डबा मास्किंग टेपने दाराच्या फ्रेमला दोन-तीन पट्ट्यांत बांधून टाका. नाहीतर तो वायरवर लोंबकळतो आणि दाराच्या रंगावर अर्धचंद्र कोरतो. रंगावर बुडाच्या भोवतीही टेप लावून घ्या. बुडाखाली एक पातळ फोमची गादी असते, ती दाराला चिकटून राहिली असेल तर सोलून जपून ठेवा. नव्या मिररला ती आलेली असते, जुनाच घट्ट करणार असाल तर तीच परत हवी. ती हरवली तर ताशी ८० च्या पुढे कानाशी शिट्टी वाजते आणि जुलैत पाणी दारात उतरतं.

आता ज्यांची फक्त काच निघालीय त्यांच्यासाठी. इथे सगळा खेळ चिकटवण्याच्या मालाचा आहे, आणि जवळजवळ सगळेजण चुकीचाच माल आणतात. झटपट चिकटवणारा इन्स्टंट गम नको. तो वाळला की ठिसूळ होतो, हादऱ्याने तडकतो, आणि त्याच्या वाफेने आसपासच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी धुरकट झाक येते. बाथरूमला लावतात ते साधं सिलिकॉनही नको. ज्याला व्हिनेगरचा वास येतो, त्यातून वाळताना ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते आरशाचा मागचा थर खातं. काही दिवसांत कडेने काळे डाग पसरतात. सिलिकॉनच लावायचं असेल तर ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या. सगळ्यात सोपी पडते ती गाड्यांसाठीची जाड फोमची दुहेरी चिकट टेप. स्टेशनरीच्या दुकानातली स्पंजची टेप नव्हे. ती उन्हात वितळते.

टेप कुठलीही असो, धूळ आणि ग्रीसवर ती चिकटत नाही. जुना गोंद प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. ते मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. पेट्रोल, थिनर नको, प्लास्टिक मऊ पडतं. पुसल्यावर बोट लावायचं नाही. सगळे लावतात. लावू नका.

प्लेटच क्लिपांतून काढायची असेल तर काचेची गाडीकडची कड आत दाबा, बाहेरची कड उचलली जाते, तिथे पातं घालून ओढा. हिवाळ्यात सकाळी करत असाल तर आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. काच फुटलेली असेल तर ओढण्याआधी तिच्यावर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा, हातमोजे घाला, चष्मा असेल तर घाला. काचेमागे दोन वायरी दिसल्या तर ती हीटरवाली काच आहे, झटक्याने ओढू नका.

जागा आणि वेळ. दुपारी दाराचा पत्रा तापलेला असतो, हात भाजतो आणि टेप लावताना घाई होते. पावसात तर नकोच. सावलीत, सकाळी किंवा चारनंतर. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये करत असाल तर डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या, मोबाइल तोंडात धरून नट फिरवता येत नाही.

बसवणं थोडक्यात. आधी प्लग जोडा, किल्ली फिरवून मोटर वर-खाली-आत-बाहेर चालते का, इंडिकेटर लागतो का, हे बघा, मगच पुढे. फोमची गादी नीट बसली का बघा. चिंधी अजून जागेवर आहे ना, तेही बघा. घट्ट करतानाही नट तेवढाच पडतो. तिन्ही नट हाताने दोन-दोन आटे चढवा, मग आळीपाळीने आवळा. एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर बूड तिरकं बसतं. जीव काढून आवळू नका, आटे मरतात. नट धातूवर असतील तर निळा थ्रेडलॉक, म्हणजे हादऱ्याने नट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद, एक थेंब. प्लास्टिकवर लागू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

सगळं घट्ट झालं की चिंधी लोंबत्या टोकाने ओढून काढा, अख्खी निघाली का ते उलगडून बघा. मग झाकण दाबा. काच बसवताना कडेवर नाही, मध्यावर, कापड ठेवून तळव्याने दाबायची, टक आवाज येईपर्यंत. सीट नेहमीच्या जागी आणा, आरशाचा कोन लावून घ्या, दार दोनदा आपटून परत बघा.

टेप किंवा सिलिकॉन लावलं असेल तर काचेला बाहेरून आडव्या-उभ्या चार पट्ट्या मारून रात्रभर तसंच राहू द्या. टेपची पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात. तोवर हायवे नको, पाण्याचा जोरदार फवारा नको. आणि सकाळी गाडी पुसायला येणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, तो आरसा अंगठ्याने रेटूनच पुसतो.