क्यूजीआयएसमध्ये जिल्ह्यांचा नकाशा रंगवताय? आधी ठाण्याचं काय झालंय ते बघा

आमच्याकडे नवीन इंटर्न आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच काम देते, 2011 च्या जनगणनेवरून महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा करून दाखव. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार असतो, छान रंगीबेरंगी, आणि हमखास चुकलेला. मीही अशीच चुकत शिकले त्यामुळे हसत नाही फारसं. तर तेच काम इथे करूया, आणि पाय जिथे घसरतो तिथे जरा थांबूया.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. आकडे जनगणनेच्या साइटवर एक्सेलमध्ये मिळतात. हद्दी मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्याच घ्या. परदेशी साइटवरून भारताची फाइल दोन मिनिटांत मिळते पण त्यात जम्मू-काश्मीरची हद्द बऱ्याचदा वेगळीच असते आणि असा नकाशा छापणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही म्हणाल मला फक्त महाराष्ट्र दाखवायचाय, पण कोपऱ्यात छोटा भारत टाकायची हौस शेवटी सगळ्यांनाच येते.

हद्दींची फाइल बहुधा शेपफाइल या जुन्या प्रकारात येते, ती आली की आधी जिओपॅकेज या नव्या प्रकारात एक्सपोर्ट करून घ्या. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं, आणि मराठी नावं असतील तर कधी प्रश्नचिन्हं दिसतील त्याचा नेम नाही. एक्सेलची शीट यूटीएफ-8 वाली सीएसव्ही करून आत ओढा, मग हद्दींच्या लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स, म्हणजे आकडे हद्दींना जोडायची जागा. जोडायचं कोडवर, नावावर अजिबात नाही. नावांचं स्पेलिंग दोन फाइलींत कधीच जुळत नाही, त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालंय, म्हणजे जुने आकडे आणि नवी हद्द एकत्र आणली की हे तीन जिल्हे कोरेच. 2011 मध्ये आपल्या जिल्ह्यांचे कोड 497 ते 531 होते, एकूण 35. तालुक्यांवर काम करत असाल तर कोडच्या पुढे शून्य असू शकतं आणि एक्सेल ते गपचूप गिळतं, त्यामुळे तो कॉलम टेक्स्ट ठेवा.

आता ठाणे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे आकड्यांत 35 जिल्हे आणि आजच्या हद्दीत 36. पालघर कोरा राहतो ते लगेच डोळ्यात भरतं, पण खरी गडबड शेजारी असते. जुन्या ठाण्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख 60 हजार, क्षेत्रफळ 9,558 चौरस किमी, घनता 1,157. तीच लोकसंख्या तुम्ही आजच्या ठाण्याच्या 4,214 चौरस किमीने भागली की उत्तर येतं 2,625 च्या आसपास. दुपटीपेक्षा जास्त, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही, त्याच्या लेखी भागाकार बरोबरच आहे. माझा असा नकाशा एका अहवालात छापून गेलाय. बैठकीत पालघरमधल्या वाडा तालुक्यातून आलेल्या एका ताईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, आमचा भाग पांढरा का?" तेव्हा मी पालघरचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, ठाण्याचा घोळ मला घरी येताना गाडीत सुचला.

उपाय सोपा आहे. एडिटिंग सुरू करून ठाणे आणि पालघर दोन्ही सिलेक्ट करा, मर्ज सिलेक्टेड फीचर्स द्या, कोड ठाण्याचा ठेवा, आणि नकाशाखाली "हद्दी 2011 प्रमाणे" असं लिहा. नव्याच हद्दी पाहिजेत तर तालुक्यांचे आकडे घेऊन बेरीज करा, पालघरमध्ये वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे आठ तालुके आहेत. क्षेत्रफळ मोजताना फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरवालं एरिया ($area) वापरा, ते पृथ्वीचा गोलावा धरून मोजतं. जिऑमेट्री कंसात टाकून एरिया, म्हणजे area($geometry), मागितलं आणि लेयर अक्षांश-रेखांशात असला तर उत्तर चौरस अंशांत येईल, त्याचं काय लोणचं घालायचंय.

घनता आली की सिम्बॉलॉजीत जाऊन ग्रॅज्युएटेड निवडा, म्हणजे आकड्यांचे वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळी छटा. इथे पाच मिनिटं खेळा, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. गडचिरोली 74, मुंबई उपनगर 20,980. आधी इक्वल इंटरव्हल, म्हणजे सारख्या रुंदीचे पाच वर्ग. पहिल्या वर्गात 33 जिल्हे, मधले तीन वर्ग रिकामे, शेवटच्यात दोन्ही मुंबई. म्हणजे अख्खा महाराष्ट्र फिकट आणि एक काळा ठिपका. आता इक्वल काउंट करा, म्हणजे सारख्या संख्येचे वर्ग. प्रत्येक वर्गात सात जिल्हे, नकाशा एकदम देखणा, फक्त 393 घनतेचं नाशिक आणि वीस हजारांची मुंबई एकाच रंगात. आकडे तेच, हद्द तीच, नकाशे दोन टोकांचे. नॅचरल ब्रेक्स, म्हणजे आकड्यांत जिथे मोठी फट असेल तिथे तोडणं, बरे असतात पण लेजंडमध्ये, म्हणजे रंगांच्या सूचीत, वेडेवाकडे आकडे येतात आणि 2001 चा नकाशा शेजारी ठेवायचा तर दोघांचे वर्ग जुळत नाहीत. मी सरळ हाताने तोडते: 150, 250, 365, 1,200 आणि त्यापुढे. 365 कारण ती राज्याची सरासरी आहे, बघणाऱ्याला आपला जिल्हा वर की खाली ते लगेच कळतं.

रंग एकच, फिकटपासून गडद. पाच वर्गांच्या वर जाऊ नका, सहावी छटा लेजंडवर आणि नकाशावर जुळवताना डोळे शिणतात. सिंथिया ब्रूअर यांनी केलेले कलरब्रूअरचे रंग क्यूजीआयएसमध्ये आयते आहेत, ते सोडून स्वतःची कला दाखवायची गरज नाही. दोन टोकांचे दोन रंग फक्त मधे खरा अर्थ असलेला आकडा असेल तेव्हाच, म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रिया किती असं दाखवताना 1,000 मधे धरा, रत्नागिरी 1,122 एका बाजूला, मुंबई शहर 832 दुसऱ्या. व्ह्यू मेनूत प्रिव्ह्यू मोड आहे, त्यात ग्रेस्केल आणि रंगांधळेपणा दोन्ही बघता येतं. तुमचा नकाशा सरकारी ऑफिसात जाणार असेल तर त्याची झेरॉक्स निघणारच, हे धरून चाला.

ज्यांना एकूण लोकसंख्या दाखवायचीय त्यांनी जिल्हा रंगवू नका, मोठा जिल्हा उगाच भारी दिसतो. वर्तुळं काढा. आकाराच्या असिस्टंटमध्ये रेडियस (त्रिज्या) नको, सरफेस (क्षेत्रफळ) घ्या. ठाण्याची लोकसंख्या सिंधुदुर्गच्या 13 पट, त्रिज्या 13 पट केली तर वर्तुळ 169 पट होईल आणि सिंधुदुर्ग शोधायला भिंग लागेल.

अजून एक, आकडा नसलेला जिल्हा ग्रॅज्युएटेडमध्ये काढलाच जात नाही, भोक पडतं. तोच लेयर डुप्लिकेट करून खाली राखाडी रंगात ठेवा आणि लेजंडमध्ये "माहिती नाही" लिहा.

मग प्रिंट लेआउट. मुंबई शहर 157 चौरस किमी, अहिल्यानगर 17,048, त्यामुळे मुंबईसाठी दुसरा मॅप आयटम टाकून ती मोठी करून दाखवा, नाहीतर सगळ्यात गडद रंग कुणाला दिसणारच नाही. लेजंडचं ऑटो अपडेट बंद करा आणि कॉलमचं इंग्रजी नाव खोडून "दर चौरस किमी लोक" असं माणसाला कळेल ते लिहा. उत्तरेचा बाण ज्याला त्याला हवा असतो, महाराष्ट्राची उत्तर कुठेय हे न कळणारा वाचक मला अजून भेटायचाय, पण साहेब मागतातच, तेव्हा छोटासा टाका आणि वाद घालू नका. लेबलला मुक्त (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट चालतो. पीडीएफ काढताना टेक्स्ट पाथ म्हणून, म्हणजे अक्षरांऐवजी त्यांचे आकार म्हणून, एक्सपोर्ट करा, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर रत्नागिरीचा त्न सुटा होत नाही.