यकृताच्या जनुकांनी यकृताचंच काम सांगितलं!

यकृताच्या पेशींना औषध दिल्यावर कोणत्या जनुकांची सक्रियता बदलते, हे आरएनए-सीक्वेन्सिंगने (पेशींतले आरएनए वाचून-मोजून) पाहत होतो. बदललेल्या चारेकशे जनुकांची यादी जीन ऑन्टॉलॉजीच्या टूलला दिली; यादीत कोणत्या कामाची जनुकं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, हे ते सांगतं. उत्तर झकास: मेदाम्लांचं चयापचय, पित्ताम्लं, रक्त गोठणं. पी-व्हॅल्यू (असं निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) इतक्या बारीक की मी दोन दिवस हवेत होतो.

मग शंका आली. या पेशींत चालू असलेली कुठलीही चारशे जनुकं रँडम उचलून दिली. जवळपास तेच उत्तर! म्हणजे यकृत यकृतासारखं वागत होतं, एवढंच.

घोळ बॅकग्राउंडच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या जनुकांच्या यादीत होता. मी ती दिलीच नव्हती, म्हणून टूल माझी जनुकं माणसाच्या सगळ्या, सुमारे 20,000 प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांशी ताडत होतं. त्यातली कितीतरी यकृतात मुळात बंदच असतात. ती बदललेल्यांत येणार कुठून? आता बॅकग्राउंड म्हणून फक्त पुरेशा रीड्स (वाचले गेलेले आरएनएचे तुकडे) मिळालेली, बदलाची चाचणी खरोखर झालेली जनुकं दिली. रँडम यादी गप्प झाली. खऱ्या यादीतूनही रक्त गोठणं वगैरे गळालं आणि वर आला एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधला (पेशीत प्रथिनांना घडी घालणाऱ्या भागातला) प्रथिनांच्या घडीचा ताण. आधीच्या निकालातही तो होता, पार खाली. तिथवर मी वाचलंच नव्हतं.