इंडी गेम नेमका कुठून विकत घ्यावा?

सांगलीत विश्रामबागच्या हॉस्टेलवर वायफाय असतं, सुट्टीत जतकडे गावी गेलं की मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवावं लागतं. त्यामुळे इंडी गेम, म्हणजे छोट्या टीमने स्वतःच्या बळावर बनवलेला गेम, घेताना नुसता भाव बघून चालत नाही. या क्रमाने जा.

१. आधी गेम बनवणाऱ्यांची स्वतःची वेबसाइट उघडा. तो कुठे विकायला आहे याच्या लिंक तिथेच मिळतात. भलत्या साइटवरची स्वस्त ‘की’ (गेम चालू करायचा कोड) घेऊ नका. चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर ती रद्द होते आणि पैसेही बुडतात.

२. पैसे कसे देणार ते बघा. स्टीम, इच.आयओ, गॉग आणि एपिक ही गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. स्टीमवर भाव रुपयांत असतो, यूपीआयही चालतं. इच.आयओवर व्यवहार बहुतेक डॉलरमध्ये. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड तसंच येतं. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. वर बँक चलनबदलाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, तेही किमतीत धरा.

३. लॅपटॉप जुना असेल तर परताव्याचा नियम वाचाच. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गॉगवर मुदत ३० दिवसांची. (दीड तासात संपणारा गेम पुरा खेळून पैसे परत मागणारे महाभागही असतात. एवढ्याशा टीमच्या पोटावर पाय कशाला?)

४. माझ्या मते खरा फरक इथे आहे: फाइल तुमच्या हातात येते का? गॉगवर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. हॉस्टेलवर उतरवा, पेनड्राइव्हवर टाका, गावी नेटशिवाय बसवा. मोठ्या गेमच्या ‘सेटअप’सोबत ‘बिन’ नावाच्या फायली येतात. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात अडतं. इचवरही बहुधा साधी झिप फाइलच मिळते. स्टीमला ऑफलाइन मोड आहे, पण निघण्यापूर्वी गेम उतरवून, एकदा चालवून बघा.

५. बनवणाऱ्याच्या पदरात किती पडतं? स्टीम सुरुवातीच्या विक्रीवर ३० टक्के कापून घेतं. एपिक एका गेमच्या वर्षातल्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही, त्यापुढे १२ टक्के. इचवर हा वाटा विकणाराच ठरवतो, अगदी शून्यही ठेवू शकतो. ‘राजी’सारखा गेम पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये आणला. अशा लोकांना चार पैसे जास्त मिळत असतील तर मी डॉलरची कटकट सोसतो.

एवढं करूनही ठरत नसेल तर स्टीमवर विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. सवलत लागली की मेल येतो, तोवर डेमो असला तर खेळून घ्या.