ब्लॉकचेनवर स्थिर मालमत्तेची नोंद ठेवताना या चुका टाळा

छोट्या व्यवसायातील यंत्रे, संगणक, वाहने आणि फर्निचर यांची नोंदवही बहुधा एका एक्सेल फाइलमध्ये असते आणि ती फाइल नीट समजणारा माणूसही एकच असतो. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या आणि एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीवर नेली की हिशेब आपोआप चोख होईल, या समजुतीतूनच पुढच्या बहुतेक अडचणी निर्माण होतात. एकदा झालेली नोंद कोणालाही गुपचूप बदलू न देणे एवढेच ब्लॉकचेनचे काम आहे. ती नोंद मुळात खरी होती का आणि नोंदवलेली वस्तू आज जागेवर आहे का, हे तिला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलेला जनरेटर जुन्या यादीतून तसाच उचलून नोंदवला, तर ती चुकीची नोंदही तेवढ्याच निष्ठेने जपली जाईल.

म्हणून स्थलांतराआधी प्रत्यक्ष पडताळणी करावी, प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक वस्तूच्या अशा भागावर लावावा जो बदलला जात नाही. यंत्राच्या सुट्या झाकणावर चिकटवलेले लेबल दुरुस्तीच्या वेळी झाकणासोबत निघून जाते. क्यूआर कोडचा फोटो काढून त्याची नक्कल कोणीही करू शकतो; खुर्च्या-टेबलांसाठी ते चालून जाईल, पण महागड्या यंत्रासाठी आत गुप्त किल्ली असलेला आणि दर वेळी वेगळे उत्तर देणारा एनएफसी टॅग (फोन जवळ नेताच वाचली जाणारी छोटी चिप) वापरणे अधिक सुरक्षित असते.

दुसरी चूक गरज नसताना ब्लॉकचेन स्वीकारण्याची. सगळे नोड, म्हणजे साखळीची प्रत जपणारे संगणक, मालकाच्याच ताब्यात असतील, तर संपूर्ण साखळी नव्याने लिहिणे त्याला अशक्य नसते आणि त्या स्थितीत नियमित बॅकअप असलेला साधा डेटाबेस स्वस्त पडतो. यंत्रावर कर्ज देणारी बँक, भाड्याने यंत्र देणारी कंपनी, विमा कंपनी आणि देखभाल करणारा कंत्राटदार यांना एकच नोंद पाहायची असते, पण दुसऱ्याच्या वहीवर विसंबायचे नसते, तेव्हाच या तंत्राला अर्थ येतो. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये सुरू केलेला ट्रेडलेन्स हा जहाजवाहतुकीचा मंच बंद करण्याची घोषणा २०२२ च्या अखेरीस झाली. संपूर्ण उद्योगाचे अपेक्षित सहकार्य मिळाले नाही, हे कारण तेव्हा देण्यात आले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमले नाही, ते आपल्याला सहज जमेल असे धरून चालू नये. तुमच्या नोंदी ग्राह्य धरणार का, हे बँकेला आणि विमा कंपनीला आधी विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर नोंदवही साध्या प्रणालीतच ठेवून दरमहा तिचा केवळ हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला, ठशासारखा छोटा संकेतांक) कोणालाही पाहता येणाऱ्या सार्वजनिक साखळीवर नोंदवणे हा मधला मार्ग मला बहुतेक छोट्या व्यवसायांसाठी पुरेसा वाटतो.

साखळीवर काय ठेवावे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्याच्या ताब्यात लॅपटॉप आहे त्या कर्मचाऱ्याचे नाव सार्वजनिक साखळीवर गेले, तर ते काढता येत नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर नियमांत मात्र ठरावीक परिस्थितीत आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला आहे. नावाऐवजी हॅश ठेवला की काम भागले, हेही खरे नाही. उदाहरणार्थ, सहा अंकी अनुक्रमांकाच्या फक्त १० लाख शक्यता असतात आणि साधा संगणक त्या सर्वांचे हॅश काढून मूळ क्रमांक सहज शोधू शकतो. म्हणून हॅश काढण्यापूर्वी त्यात लांब, यादृच्छिक आणि गुप्त मजकूर मिसळावा.

हॅश जुळत नसल्याची तक्रार आली, की लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये. बिल पुन्हा स्कॅन केले किंवा फाइल उघडून नव्याने जतन केली, तरी हॅश पूर्णपणे बदलतो. मराठी मजकुरात आणखी एक खोच आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येते, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्डवर अदृश्य जोडचिन्हानेही उमटतो. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, हॅश मात्र वेगळा येतो. युनिकोड प्रमाणीकरणाने, म्हणजे अशी पर्यायी रूपे एकाच रूपात आणल्याने, पहिला भेद मिटतो, अदृश्य जोडचिन्हाचा मिटत नाही. त्यामुळे हॅशसाठी वर्णनाऐवजी मालमत्ता क्रमांक, दिनांक आणि रक्कम हेच रकाने वापरावेत.

घसाऱ्याचे सूत्र स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कायमचे कोरून ठेवणे ही हिशेबाच्या बाजूची सर्वांत महागडी चूक ठरते. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य आणि अवशिष्ट मूल्य (आयुष्याअखेरीस मिळू शकणारी रक्कम) यांचा किमान प्रत्येक आर्थिक वर्षाअखेरीस फेरविचार करावा लागतो, म्हणजे हे आकडे बदलणारच आहेत. घसारा लेखा प्रणालीतच काढावा. साखळीवर खरेदी, हस्तांतर, मोठी दुरुस्ती आणि विल्हेवाट अशा घटनाच नोंदवाव्यात. एखादी घटना चुकीची नोंदली गेली, तर रोजकीर्दीत करतात तशी उलट नोंद करून योग्य नोंद नव्याने घालावी.

इथेरियमसारख्या, प्रत्येक नोंदीसाठी शुल्क घेणाऱ्या सार्वजनिक साखळीवर नोंद तासन्‌तास प्रलंबित दिसली, की पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचा मोह होतो आणि नंतर एकाच यंत्राच्या दोन नोंदी सापडतात. एका खात्याचे व्यवहार तिथे क्रमाने पुढे सरकतात, त्यामुळे कमी शुल्काचा एक व्यवहार अडकला की मागचे सगळे खोळंबतात. अडकलेला व्यवहार त्याच नॉन्ससह (खात्याच्या व्यवहाराचा अनुक्रमांक), वाढीव शुल्क देऊन पुन्हा पाठवावा. तोच मालमत्ता क्रमांक दुसऱ्यांदा आला तर कॉन्ट्रॅक्टने तो नाकारावा, अशी तजवीज सुरुवातीलाच करून घ्यावी.

किल्ल्यांबाबतची हयगय मात्र मागाहून निस्तरता येत नाही. नोंद करण्याचा अधिकार एकाच फोनमधल्या खासगी किल्लीवर, म्हणजे व्यवहारावर स्वाक्षरी करणाऱ्या गुप्त संकेतावर, अवलंबून असेल आणि तो फोन हरवला, तर नवी किल्ली देणारा कोणीही नसतो. तिघांपैकी दोघांच्या स्वाक्षरीने चालणारे खाते ठेवावे, किल्ली पुन्हा मिळवून देणारे पुनर्प्राप्तीचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून वेगळ्या जागी जपावेत आणि कर्मचारी नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचा नोंदीचा अधिकार काढून घ्यावा.